सोआवेच्या नावाने काय विकले जाते आणि पिएरोपानकडे थेट का जावे

इटलीतील वेरोनाच्या सहलीत एका बुकिंग कार्यालयामार्फत घेतलेल्या ‘सोआवे टेस्टिंग’मध्ये (सोआवे ही वेरोनाजवळच्या त्याच नावाच्या गावाभोवतीची पांढरी वाइन) आपल्याला महामार्गालगतच्या एका गोदामवजा इमारतीत नेऊन पाणचट वाइन दिली गेली, आणि आता पुढच्या खेपेस पिएरोपान या सोआवेतील वाइनरीकडे जाण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. आपली हकीकत वाचताना तारखा तेवढ्या बदलल्या तर ती माझीच आहे, असे वाटले. वाइन कशी हुंगावी, ग्लास कसा धरावा हे आपल्याला ठाऊक असणारच, त्यामुळे ते सोडून मुद्द्याचे लिहितो.

मी अशाच एका कार्यालयाला आगाऊ पत्र लिहून टेकड्यांवरील, म्हणजे ‘क्लासिको’ क्षेत्रातील वाइनरी हवी असे स्पष्ट कळवले होते, आणि त्यांचा लेखी होकारही आला होता. प्रत्यक्षात मात्र गाडी सपाटीवरच थांबली. तक्रार केल्यावर कार्यालयातील बाईंकडून उत्तर मिळाले की पावतीवर ‘सोआवे’ लिहिले आहे आणि आपल्याला सोआवेच दिली गेली, तेव्हा परताव्याचा प्रश्न येत नाही. पैशांपेक्षा अधिक जिव्हारी लागले ते हे, की त्या दिवशी टेकडीवर जाण्याची वेळ निघून गेली होती आणि दुसऱ्या दिवशी आमचे परतीचे विमान होते. त्या बाईंचे उत्तर कायद्याने खोटे नव्हते, आणि सगळी अडचण नेमकी तिथेच आहे.

१९३१ मध्ये सोआवेचे क्षेत्र प्रथम अधिकृतपणे आखले गेले, तेव्हा त्यात सोआवे आणि मोंतेफोर्ते दाल्पोने या गावांभोवतीच्या टेकड्या होत्या. १९६८ मध्ये डीओसी, म्हणजे ठरावीक क्षेत्रातील वाइनचा सरकारी दर्जा देताना खालची सुपीक सपाटीही त्याच नावाखाली घेण्यात आली आणि जुन्या टेकड्यांना ‘क्लासिको’ हे जोडनाव उरले. गार्गानेगा ही येथील मुख्य द्राक्षजात अतिशय जोमाने वाढणारी आणि उशिरा पिकणारी आहे. तिला गाळाची माती आणि भरपूर पाणी मिळाले की घड लगडतात, पण रस पातळ होतो. साध्या सोआवेला नियमाने हेक्टरी १५ टनांपर्यंत द्राक्षे घेता येतात, तर ‘सुपेरिओरे’ या वरच्या वर्गातील सोआवेला १० टनांपर्यंतच. देवगडच्या पेटीत कुठलाही आंबा भरून विकला तर हापूसला नावे ठेवली जातात, तसेच सोआवेचे अनेक वर्षे होत राहिले.

पिएरोपान घराण्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. १८८० मध्ये लेओनिल्दो पिएरोपान या डॉक्टरांनी सोआवे गावातच ही वाइनरी सुरू केली. त्यांच्याच नावाचा नातू, ज्यांना सगळे निनो म्हणत, त्यांनी स्वस्त सोआवेचा पूर वाहत असताना नेमकी उलटी वाट धरली. १९७१ मध्ये त्यांनी काल्वारिनो या एकाच मळ्याची वाइन वेगळी बाटलीबंद केली आणि १९७८ मध्ये किल्ल्याखालच्या ला रोक्का मळ्याची. काल्वारिनोची जमीन ज्वालामुखीजन्य बेसाल्टची. तेथील गार्गानेगात त्रेब्बियानो दि सोआवे ही दुसरी द्राक्षजात मिसळतात आणि वाइन लाकडात न ठेवता काचलेप दिलेल्या सिमेंटच्या टाक्यांत मुरवतात. ला रोक्काची जमीन चुनखडीची, वाइन निव्वळ गार्गानेगाची, आणि ती लाकडी पिंपांत मुरते. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या, की एकाच गावातील दोन मातींमधला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. मला स्वतःला काल्वारिनो अधिक आवडते. लिंबाच्या सालीचा वास, ताठ आंबटपणा आणि शेवटी कडवट बदामाची चव. ला रोक्का आवडणारे मला हट्टी म्हणतात, ते असो. निनो २०१८ मध्ये गेले. आता आंद्रेआ आणि दारिओ ही त्यांची मुले काम पाहतात.

दर्जाच्या शिक्क्यावर विसंबू नका, हा माझा आग्रह आहे. कागदोपत्री ‘सुपेरिओरे’चा डीओसीजी हा दर्जा डीओसीच्या वरचा, तरी पिएरोपानच्या या दोन्ही बाटल्यांवर ‘सोआवे क्लासिको’ एवढेच असते. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सोआवेच्या पारंपरिक द्राक्षमळ्यांना जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा दिला, पण दुकानातल्या स्वस्त बाटलीची चव त्यामुळे सुधारत नाही.

पुढच्या वेळी मध्यस्थ पूर्ण टाळा आणि वाइनरीला थेट लिहून वेळ ठरवा. सोआवेला रेल्वे स्थानक नाही. वेरोनाहून सान बोनिफाचोपर्यंत आगगाडीने जाऊन पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. माझा या घराण्याशी ग्राहकापलीकडे संबंध नाही आणि मी वाइनचा जाणकारही नव्हे, त्यामुळे चवीबद्दलचे माझे मत थोडे हातचे राखूनच घ्या. भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात; तरीही निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्या. माझे ऐकाल तर एक काल्वारिनो आणि एक ला रोक्का आणा, आणि घरात सतत थंड राहणारी जागा नसेल तर त्या पुढच्या उन्हाळ्याआधीच उघडा.