खाली बार, वर आपण: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या अंकात पार्किंगवर उत्तरं द्यायचं ठरवलं होतं, पण पत्रं बघते तर सगळी दारूची, म्हणजे पिणाऱ्यांची कमी आणि त्यांच्या शेजाऱ्यांची जास्त. डेक्कनपासून बालेवाडीपर्यंत आणि एक तर थेट इंग्लंडहून फिरून आलंय. पार्किंग पुढच्या अंकात, ते कुठे पळून जात नाहीये.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही एफसी रोडच्या मागच्या गल्लीत राहतो, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आता हॉटेल झालंय, पत्र्याची शेड, लाइटच्या माळा आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत धाडधाड गाणी. ह्यांना बीपीचा त्रास आहे. दारूचं लायसन रद्द करा म्हणून महापालिकेत अर्ज दिला तर उत्तर आलं, ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ मग येतो तरी कुणाच्या? – एक काकू, डेक्कन

उत्तर: काकू, उत्तर चीड आणणारं आहे पण अर्धं खरं आहे. आपल्याकडे दारूचं लायसन महापालिका देतच नाही. ते देतं राज्य सरकारचं उत्पादन शुल्क खातं, म्हणजे बोलीभाषेतलं एक्साइज, जिल्ह्यात कलेक्टरांच्या हाताखाली, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. (हो, कायद्याचं नाव अजूनही दारूबंदीचंच आहे आणि त्याच्याखाली परमिट रूम चालतात, महाराष्ट्र आहे हा.) आवाज, बंद करायची वेळ, रस्त्यावरचा तमाशा हे पोलिसांकडे. आणि महापालिकेकडे काय राहतं तर जागा. बिल्डिंगचा नकाशा, गच्ची, साइड मार्जिन (इमारतीच्या बाजूने सोडलेली मोकळी जागा), फुटपाथ.

म्हणजे उरलेलं अर्धं उत्तर जे त्यांनी तुम्हाला दिलं नाही ते हे की तुमच्या समोरची पत्र्याची शेड पूर्णपणे त्यांच्याच अखत्यारीत येते. तुम्ही अर्जात ‘दारू’ लिहिलंत आणि त्यांना सुटका मिळाली. आता परत अर्ज करा आणि त्यात दारूचा द सुद्धा काढू नका. बांधकाम विकास विभागाला एवढंच लिहा: ‘अमुक सर्व्हे नंबर, अमुक इमारत, गच्चीवर पत्र्याची शेड टाकून व्यावसायिक वापर चालू आहे, मंजूर नकाशात ही शेड आहे का ते कळवावे, नसल्यास एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायदा १९६६ नुसार कारवाई करावी.’ दिवसा काढलेला एक फोटो जोडा, रात्रीचे लाइटच्या माळांचे नकोत, त्यात शेड दिसत नाही, नुसता हॉटेलचा प्रचार होतो.

दुसरा अर्ज एक्साइजच्या अधीक्षकांना, आणि तो माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. परमिट रूमच्या लायसनसोबत जागेचा एक मंजूर नकाशा असतो, त्यात दारू कुठे द्यायची, कुठे साठवायची ते आखलेलं असतं, आणि त्या रेषेबाहेर एक पेग जरी दिला तरी तो लायसनच्या अटींचा भंग. बऱ्याचदा असं निघतं की लायसन आहे खालच्या हॉलचं आणि ग्लास चाललेत चौथ्या मजल्यावर. तो नकाशा हातात आला की मग ‘आम्हाला त्रास होतो’ असं लिहायची गरजच राहत नाही, थेट लिहायचं की मंजूर जागेबाहेर विक्री चालू आहे, लायसन निलंबित करा. त्रास किती झाला यावर वाद घालता येतो, नकाशावर काय घालणार?

आवाजाचं म्हणाल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि गच्ची म्हणजे उघडंच, वर पत्रा टाकला म्हणून तो बंद हॉल होत नाही. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गाणं चालू असतानाच ११२ ला फोन करा, दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत जाऊन सांगितलेलं हवेत विरतं. परमिट रूमला पुण्यात रात्री दीडपर्यंत मुभा आहे हे मात्र लक्षात ठेवा, म्हणजे ‘एक वाजता चालू होतं’ ही तक्रारच होत नाही, ‘अकरा वाजता गच्चीवर स्पीकर चालू होता’ ही होते.

दोन्ही अर्जांच्या आणि पोलिसांकडच्या तक्रारीच्या प्रती तिन्ही खात्यांना पाठवा. ते एकमेकांकडे बोट दाखवतात ते आपण एकालाच लिहितो म्हणून. यांच्याकडे अधिकार नाहीत असं कुणी म्हणालं तर २०२४ आठवा, १९ मे च्या पहाटे कल्याणीनगरला त्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअर मुलांचा जीव घेतला, चालवणारा १७ वर्षांचा आणि त्याआधी त्याला दोन ठिकाणी दारू मिळालेली. त्यानंतर कलेक्टरांच्या आदेशाने दोन्ही ठिकाणं सील झाली, एक्साइज दारोदार तपासण्या करत फिरायला लागलं, महापालिकेचे जेसीबी बेकायदा शेडवर गेले. कायदा एका रात्रीत आला नव्हता, सगळी कलमं आधीपासून होतीच की.

प्रश्न: ताई, बालेवाडीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर बिल्डरने विकलेली दुकानं आहेत. एकात बिअर शॉपी येणार असं कळलंय. दुकानदार म्हणतो माझं दुकान, मी काय वाटेल ते करीन. सोसायटीची एनओसी लागते ना? – सेक्रेटरी, बालेवाडी

उत्तर: मार्च २०२५ मध्ये विधानसभेत उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री म्हणून अजित पवारांनी जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवीन बिअर किंवा दारूचं दुकान सोसायटीच्या एनओसीशिवाय होणार नाही, आणि हा विषय निघाला होता आपल्या पिंपरी-चिंचवडकडच्याच तक्रारींवरून. तेव्हा दुकानदाराचं ‘माझं दुकान’ इथे चालत नाही. पण तुम्ही गाफील राहू नका. एनओसी नुसती अध्यक्षांच्या लेटरहेडवर जाऊ शकते आणि अध्यक्षांचं कसंय हे तुम्हाला माहीत, मला नाही. जनरल बॉडी बोलवा, ठराव करा, ‘मद्यविक्रीसाठी कोणतीही एनओसी सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय देऊ नये’ असं मिनिट्समध्ये घाला आणि त्याची प्रत आजच एक्साइजच्या ऑफिसला देऊन पोच घ्या. दुकान सुरू झाल्यावर बंद करायचं म्हणजे फार मोठं काम, पुढचं पत्र वाचा.

प्रश्न: येरवड्यात आमच्या वस्तीजवळ देशी दारूचं दुकान आहे. पगाराच्या दिवशी बायका त्या रस्त्याने जात नाहीत. गावाकडे बाटली आडवी करतात तसं शहरात करता येतं का? – बचत गटातल्या आम्ही सगळ्या

उत्तर: येतं. २००८ चा सरकारी आदेश आहे, गावासाठीही आणि शहरातल्या वॉर्डासाठीही. वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या करून मागणी करायची, एक्साइज सह्या तपासतं, मग गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आदेशाप्रमाणे आडव्या बाटलीला एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागायची, म्हणजे ज्या मतदानाला आल्याच नाहीत त्यांचं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात. वर सांगितलं त्याच वेळी विधानसभेत असंही सांगितलं गेलं की झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होईल. तुम्ही सह्या गोळा करायच्या आधी अधीक्षकांकडून लेखी घ्या की तुमच्या वॉर्डात आज कुठला हिशोब लावणार आणि वॉर्ड म्हणजे नक्की कुठपर्यंत. पुण्यात चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आहेत, त्यातल्या २५ टक्के सह्या म्हणजे तुमची वस्ती सोडून कुठल्या कुठे जावं लागेल. गावात हे जमतं कारण सगळ्या एकमेकींना ओळखतात.

सह्या करताना मतदार यादीतला अनुक्रमांक समोर लिहाच आणि नाव यादीत आहे तसंच लिहा, ‘सुनिता’ ची ‘सुनीता’ झाली की सही बाद करायला निमित्त मिळतं. आणि सह्यांची मोहीम चालू असताना दुसरीकडे रोजच्या त्रासाच्या तक्रारीही चालू ठेवा, दुकानाबाहेर फुटपाथवर बसून पिणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला मतदान लागत नाही.

प्रश्न: शाळा-मंदिरापासून ७५ मीटरच्या आत बार चालत नाही म्हणे. मग आम्ही कोपऱ्यावर एक छोटं मंदिर बांधलं तर? – नाव नको

उत्तर: नाव नको ते बरंच केलंत. नियमातलं मंदिर म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टचं, रात्रीत उगवलेलं नाही, आणि आधीच चालू असलेल्या बारला नंतरच्या मंदिराने फरक पडत नाही. शाळेतही खासगी क्लासेस धरत नाहीत. अंतर माणूस चालत जातो त्या वाटेने दारापासून दारापर्यंत मोजतात, गूगल मॅपवर सरळ रेघ मारून नाही. आणि फुटपाथवर मंदिर बांधलंत तर महापालिकेची नोटीस बारच्या आधी तुम्हालाच येईल.

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो. तिथे एका दुकानाच्या दारावर निळा कागद चिकटवलेला, दारूच्या लायसनसाठी अर्ज केलाय, हरकत असेल तर कळवा म्हणून. आपल्याकडे असं का नाही? – निवृत्त शिक्षक, कोथरूड

उत्तर: सर, तुम्ही बरोबर कागद बघितलात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट आहे, आधी तिथे हे काम मॅजिस्ट्रेटकडे असायचं, नोव्हेंबर २००५ पासून ते कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेकडे आलं. अर्जदाराने फिकट निळ्या कागदावरची नोटीस २८ दिवस दारावर लावायची, स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची, आणि त्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतं. पण हरकत चार गोष्टींवरच, गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांचं संरक्षण. ‘आमच्या भागात आधीच भरपूर बार आहेत, अजून कशाला’ एवढं पुरत नाही, आणि कुणीच हरकत घेतली नाही तर कौन्सिलला लायसन द्यावंच लागतं. म्हणजे तिथेही झोपणाऱ्याचं नुकसानच.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते दुसरंच आहे. शहराच्या मध्यात जिथे बारची गर्दी झालीय, तिथे कौन्सिल पोलिसांचे आकडे वगैरे पुरावे मांडून जाहीर करू शकतं की या रस्त्यांवर एकत्रित परिणामच आता फार झालाय. मग तिथे नव्या अर्जावर हरकत आली की आपल्यामुळे अजून भर पडणार नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. दर तीन वर्षांनी हे परत तपासावं लागतं. जुन्या बारना त्याने धक्का लागत नाही, त्यांच्यासाठी लायसनच्या फेरतपासणीची मागणी करता येते, तीही कुणालाही.

आपला ७५ मीटरचा नियम एक बार आणि एक शाळा यांच्यातलं अंतर मोजतो. त्याच रस्त्यावर ओळीने किती बार झाले, रात्री दीडला ते सगळे एकदम सुटल्यावर रिक्षा कुठे उभ्या राहतात, लोक कुणाच्या गेटपाशी उभे राहतात, हे त्या मापात येतच नाही. कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांत किंवा बालेवाडी हाय स्ट्रीटला शनिवारी रात्री उभं राहिलं की कळतं. भागापुरता नियम आपल्याला परका आहे असंही नाही हो. २०२५ च्या गणेशोत्सवात खडक, विश्रामबाग आणि फरासखाना या तीन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत पूर्ण उत्सवभर दारूची दुकानं बंद ठेवायचा कलेक्टरांचा आदेश होता, बाकी शहराला ठराविक दिवस. म्हणजे नकाशावर रेघ मारून ‘इथे गर्दी आहे, इथे नियम वेगळा’ हे आपल्याला करता येतं, फक्त ते बाप्पा असेपर्यंतच सुचतं.

प्रश्न: मला कर्वेनगरला परमिट रूम टाकायचीय. सगळ्या ताया-काकू आमच्या धंद्याच्या मागे लागल्यात, आमचं कोण ऐकणार? – होतकरू हॉटेलवाला

उत्तर: मी ऐकते, बोल. वाइन शॉपचं नवीन लायसन राज्यात १९७० च्या दशकापासून बंद आहे, म्हणून ती दुकानं सोन्याच्या भावात हातबदल होतात, परमिट रूमचं मात्र मिळतं. धंदा सोपा नाही हे मान्य, परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला, मग लायसन फी वाढली, ड्युटी वाढली, १४ जुलै २०२५ ला राज्यभर बारवाल्यांनी एक दिवस बंदही पाळला. म्हणून तर डिपॉझिट द्यायच्या आधी मंजूर नकाशा बघ, जागा कमर्शियल आहे का, पार्किंग नकाशात आहे तिथे खरंच आहे का का तिथे जनरेटर बसलाय. मालक ‘साइड मार्जिनला टेबलं टाका, सगळेच टाकतात’ असं म्हणाला की तिथून उठायचं. आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं त्यांना उद्घाटनाआधी भेट, त्यांचा नंबर घे, तुझा दे. एक फोन तुला आला तर ११२ ला जाणार नाही.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. दारू प्यायला परमिट खरंच लागतं का, आणि मला पिणं चालतं का? – एक विद्यार्थी

उत्तर: लागतं. एका दिवसाचं विदेशी दारूसाठी ५ रुपये, देशीसाठी २, वर्षाचं १०० आणि आजन्म १,००० रुपये, ऑनलाइनही निघतं. बारमध्ये बिलासोबत ते ५ रुपये लावतात आणि पावती कुणी बघत नाही, तू बघ. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी सगळ्यासाठी २५. तेव्हा तुला बिअर चालेल, व्हिस्की अजून दोन वर्षं नाही, वेटरने विचारलं नाही तरी नाही. गाडी घेऊन जाणार असशील तर बिअरही नाही.