ड्रॉइंग बोर्ड नसलेल्या शाळेत मुक्तहस्त तांत्रिक रेखाटन आणि पदार्थांचे गुणधर्म एकत्र कसे शिकवावेत?

आपल्या शाळेत ड्रॉइंग बोर्ड किंवा टी-स्क्वेअर (सरळ रेषा आखण्याची टी आकाराची पट्टी) नाहीत, आठवी-नववीचे वर्ग आहेत, आणि तांत्रिक आकृत्या व पदार्थांचे गुणधर्म हे दोन भाग एकमेकांशी कसे जोडावेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या वयात उपकरणांशिवायच सुरुवात करावी, कारण टी-स्क्वेअर हाती आला की विद्यार्थ्याचे सारे लक्ष रेषेच्या सुबकतेकडे जाते आणि समोरची वस्तू बाजूला राहते. मी तांत्रिक विषय शिकवतो त्या वर्गात एक नियम ठेवला आहे: जी वस्तू हातात घेऊन तोलली, चाचपली आणि शक्य तेथे उघडून पाहिली नाही, तिची आकृती काढायची नाही. वस्तूचा आकार पुष्कळदा तिच्या पदार्थामुळेच तसा झालेला असतो, म्हणून हे दोन भाग वेगवेगळ्या तासिकांत शिकवण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

पहिली वस्तू म्हणून मी खुरपे घेतो. ग्रामीण भागातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी ते असते, आणि पाते, लाकडी मूठ व मुठीच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी कडी एवढ्या तीन भागांत शिकवण्यासारखे बरेच काही सापडते. ती कडी कशासाठी, हा प्रश्न आकृतीला हात लावण्यापूर्वीच विचारावा. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट असते, परंतु तंतू एकमेकांपासून सहज अलग होतात. पात्याचा मुठीत शिरलेला निमुळता भाग पाचरीसारखे काम करून मूठ उभी चिरू पाहतो, आणि कडी ते होऊ देत नाही. हा निमुळता भाग बाहेरून दिसत नसल्यामुळे तो तुटक रेषेने दाखवावा लागतो. तो किती खोल गेला असेल, याचा अंदाज प्रथम विद्यार्थ्यांनी करावा आणि मग मूठ सैल झालेले एखादे जुने खुरपे उघडून पडताळावा. तुटक रेषा म्हणजे अदृश्य कड, ही व्याख्या त्यानंतर पाठ करून घ्यावी लागत नाही. पात्याच्या धारेला लोहार पाणी देतो, म्हणजे तापवून एकदम थंड करतो, त्यामुळे धार कठीण होते पण ठिसूळही होते. बाकीचे पाते चिवट राहिलेलेच बरे असते. आकृतीवर बाण काढून ही माहिती शब्दांत लिहून घ्यावी.

हाताच्या सरावासाठी चौकटीची वही आणि एचबी पेन्सिल पुरते. रेषेची दोन टोके आधी ठिपक्यांनी ठरवावीत, पेन्सिल टोकापासून थोडी मागे धरावी आणि नजर पेन्सिलीवर न ठेवता पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवावी. लांब रेषेसाठी मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवावा. वर्तुळ काढताना आधी फिकट चौरस आणि त्याचे कर्ण काढावेत. चौरसाच्या बाजूंचे चार मध्यबिंदू आणि प्रत्येक अर्धकर्णावर केंद्रापासून त्या अर्धकर्णाच्या सुमारे ०.७ पट अंतरावरचे चार बिंदू जोडले की बरे वर्तुळ मिळते. आयसोमेट्रिक आकृतीत (वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणाऱ्या तिरक्या आकृतीत) हेच वर्तुळ लंबवर्तुळ होते, आणि तेथे विद्यार्थी हमखास अडखळतात. त्यांना एवढेच सांगावे की भोकातून आरपार जाणाऱ्या आसाची रेषा ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने लंबवर्तुळाचा लघु अक्ष असतो.

एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेची तयारी केलेली मुले वर्गात असल्यास ती चांगले रेखाटतात, मात्र वस्तुचित्राच्या सवयीने छायाप्रकाश भरू लागतात. त्यांना नाउमेद करू नये. या आकृतीवरून दुसऱ्याला ती वस्तू बनवायची आहे, एवढे स्पष्ट करावे.

वरील दृश्य, म्हणजे वस्तू वरून पाहिल्यावर दिसते ते, समोरील दृश्याच्या खाली का काढतात, हे काडेपेटीने समजावता येते. काडेपेटीच्या सहाही बाजूंवर नावे लिहून ती ‘समोर’ ही बाजू वर येईल अशी कागदावर ठेवावी आणि आपल्याकडे एकदा उलटावी. आता ‘वर’ असे लिहिलेली बाजू दिसू लागते, आणि तिची जागा आधीच्या जागेच्या खाली असते. भारतात ही प्रथम कोन पद्धत वापरतात, तर अमेरिकेत तृतीय कोन पद्धत असल्याने तेथील आकृतीत वरील दृश्य वरच असते. महाजालावरून आकृत्या उतरवून घेताना हे लक्षात ठेवावे.

गुणधर्म शिकवताना खरी अडचण अशी की कठीण, ताठ, बळकट आणि चिवट हे चार शब्द विद्यार्थी एकाच अर्थाने वापरतात. व्याख्या लिहून देण्यापेक्षा पुढील प्रयोग करावा, तो मला सर्वांत उपयुक्त वाटतो. हॅकसॉची साध्या कार्बन पोलादाची दोन पाती घ्यावीत. एकाचा रंग खरवडून ते लालबुंद होईपर्यंत तापवावे आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यावे. मग दोन्ही पाती टेबलाच्या कडेला सारख्या लांबीची बाहेर काढून शिकंज्याने घट्ट धरावीत आणि टोकाला सारखेच हलके वजन टांगावे. दोन्ही सारखीच वाकतात, कारण तापवल्याने पोलादाचा ताठपणा बदलत नाही. वजन वाढवत गेल्यावर मऊ झालेले पाते वाकलेलेच राहते, दुसरे मात्र वजन काढताच सरळ होते. आणि ते हाताने फार वाकवले तर मोडते. तापवण्याचे आणि मोडण्याचे काम शिक्षकानेच मोकळ्या जागेत, गॉगल लावून करावे, कारण तुकडे उडतात.

ताठपणा आकारावरही अवलंबून असतो, आणि येथे दोन्ही विषय खऱ्या अर्थाने एकत्र येतात. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी आडवी धरून वाकवावी, मग कडेवर उभी धरून वाकवावी. वाकण्यास होणारा विरोध रुंदीच्या प्रमाणात आणि उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे उभी पट्टी आडव्या पट्टीपेक्षा सुमारे ६९ पट ताठ ठरते; नववीच्या विद्यार्थ्यांना हे गणित स्वतः करता येते. त्यानंतर छपराखालच्या अँगलचा किंवा सायकल-स्टँडच्या पट्टीचा छेद (आडवे कापल्यास दिसेल तो आकार) काढायला सांगितला, तर ती पट्टी तशी का बसवली आहे याचे कारण तीच मुले सांगतात.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करत शिकण्याची पद्धत ग्रामीण शाळांपर्यंत नेली आहे. जमल्यास तेथील काम एकदा पाहून यावे.

गुण देताना सुबकतेला मी कमी वाटा देतो. एका विद्यार्थ्याची आकृती दुसऱ्या तुकडीतील विद्यार्थ्याला द्यावी आणि मूळ वस्तू न दाखवता पुठ्ठ्यातून किंवा मातीतून ती बनवायला सांगावी. बनवणाऱ्याला जेथे जेथे विचारावे लागले, तेथे आकृतीत माप, दृश्य किंवा पदार्थाची टीप राहून गेली आहे असे समजावे, आणि तेवढे गुण वजा करावेत.