इंग्लंडमधली कॉलेजची बर्सरी: आम्ही नोकरीच्या व्हिसावर, मुलाला मिळेल का?

ताई, तुम्ही विचारलंत की आपण नोकरीच्या व्हिसावर आहोत, तर कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या मुलाला बर्सरी, म्हणजे शिकताना खर्चाला मिळणारी मदत, मिळेल का. आधी वेल्समधल्या कार्डिफच्या तुमच्या नणंदेचा विषय मिटवते. तिच्या मुलीला आठवड्याला ४० पाउंड मिळतात ते ईएमए, म्हणजे शिकणाऱ्या मुलांचा भत्ता; तिथे तो वेल्स सरकार देतं. इंग्लंडात तो २०११ सालीच गुंडाळला. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडने चालू ठेवला. तुम्ही लेस्टरला, त्यामुळे तिचा फॉर्म किंवा उत्पन्नाची मर्यादा तुम्हाला लागूच नाही. तुमच्यासाठी आहे ती '१६ ते १९ बर्सरी'. पैसा सरकारचा, पण कोणाला आणि किती द्यायचा हे बहुतेक वेळा कॉलेज ठरवतं. शेजारच्यांना मिळाली म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही. त्यांचं कॉलेज वेगळं तर नियमही वेगळे.

वयाची अडचण नाही: ३१ ऑगस्टला १६ पूर्ण आणि १९ च्या आत असला की झालं. इलेक्ट्रिकलचा लेव्हल २ कोर्स सरकारी निधीतला असेल, तर तोही चालतो. मात्र उद्या त्याने अप्रेंटिसशिप धरली तर बर्सरी नाही, तिथे पगार असतो.

आता व्हिसा. त्यावरची 'नो पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट वाचूनच किती तरी घरं फॉर्म भरत नाहीत, आणि मला याचंच वाईट वाटतं. त्या अटीत येतात ते युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घरभाड्याची मदत असले भत्ते. कॉलेजचं शिक्षण त्यात मोडत नाही. आईवडिलांबरोबर डिपेंडंट (आश्रित) म्हणून आलेल्या तुमच्या मुलासारख्यांना सरकारी निधीतली जागा मिळते, आणि त्या जागेवरच बर्सरीचा अर्ज करता येतो. (स्टुडंट व्हिसावर एकट्याने आलेल्यांचं गणित निराळं.) जुनं बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं कार्ड) दाखवू नका, आता ऑनलाइन ई-व्हिसा आहे. तो कॉलेजला दाखवायचा शेअर कोड मुलाच्या स्वतःच्या ई-व्हिसा खात्यातून काढायचा. वडिलांचा कोड घेऊन येणारी मुलं दर सप्टेंबरला आमच्या काउंटरवरून परत जातात.

तुम्ही वाचलेला १,२०० पाउंडांचा आकडा विसरा. तो जास्तीत जास्त आहे, आणि ठरावीक मुलांसाठी: सरकारी देखभालीखाली असलेली किंवा तिथून बाहेर पडलेली, किंवा स्वतःच्या नावावर युनिव्हर्सल क्रेडिट वगैरे घेणारी. आईच्या नावावरचा भत्ता इथे धरत नाहीत. अपंगत्वाचा पिप भत्ताही नुसता पुरत नाही, त्याच्या जोडीला मुलाच्याच नावावर दुसरा भत्ता लागतो. तुम्ही अर्ज करायचा तो 'डिस्क्रिशनरी', म्हणजे कॉलेज आपल्या नियमांनी ठरवतं त्या बर्सरीसाठी.

तिथे खरी मेख उत्पन्नाच्या पुराव्यात आहे. कॉलेज बहुधा पी६०, म्हणजे मालकाकडून मिळणारं वर्षाच्या पगाराचं आणि कराचं पत्रक मागेल, आणि त्यावर ५ एप्रिलला संपलेल्या वर्षाचा पगार असतो. तुमची नोकरी जूनमध्ये गेली. म्हणजे नुसते दोघांचे पी६० जोडलेत तर कागदावर तुम्ही दोन पगारांचं घर, आणि अर्ज कॉलेजच्या उत्पन्नाच्या मर्यादेवर जाऊन तिथेच संपणार. सोबत तुमचा पी४५ (नोकरी सुटताना मिळणारा पगार-कराचा कागद), नोकरी संपल्याचं पत्र आणि मुलाच्या वडिलांच्या अलीकडच्या तीन पगारपावत्या जोडा. वर चार ओळी लिहा की जूनपासून घरात एकच पगार येतोय. असं पत्र असलं की निदान विचार तरी होतो. नसलं, तर समोरच्याला कळायचं कसं?

रोख रक्कमच हातात पडेल असं धरून चालू नका. पुष्कळ कॉलेजं बसचा पास, सेफ्टी बूट, टूलकिट अशा वस्तूच देतात. इलेक्ट्रिकलवाल्यांना तेच परवडतं, कारण चांगले इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर स्वस्त नसतात. पण स्वतः विकत घेऊन मग पावती पुढे करू नका. कॉलेज मंजूर करेल तेवढंच, आणि मंजुरी आधी. पैसे हप्त्याने मिळत असतील तर हजेरी घसरली की हप्ता अडतो. दुपारच्या मोफत जेवणाची पात्रता वेगळी असते, तिची चौकशी स्वतंत्र करा.

निधी मोजका असतो, तेव्हा प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात कॉलेजच्या साइटवरची 'बर्सरी पॉलिसी' वाचून फॉर्म टाका. मुलाच्या नावाचं बँक खातं उघडून ठेवा.

जाऊबाईंना इंग्लिशचा कोर्स करायचाय म्हणालात. १९ च्या पुढे नियम बदलतात: व्हिसा शिक्षणासाठीचा नसावा आणि कोर्सच्या पहिल्या दिवशी यूकेतला वास्तव्याचा तीन वर्षांचा काळ भरलेला असावा. त्या आल्या कधी, ते कळवा.