बोट आपल्याच हाती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सहा जण फ्रान्समध्ये आठवडाभर बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवणार आहोत. कुणालाच अनुभव नाही. कालवा घ्यावा की नदी? लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाची, धास्ती वाटते.

उत्तर : पहिल्या खेपेला कालवाच घ्या. भाड्याच्या बोटीला तिथे परवाना लागत नाही; कंपनी प्रात्यक्षिक दाखवून भाड्याच्या मुदतीपुरतं कार्ड देते. दक्षिण फ्रान्समधल्या कानाल द्यू मिदी या कालव्यावर आर्जांस ते फोंसेरान हा सुमारे ५४ किलोमीटरचा टप्पा नवशिक्यांसाठी उत्तम, कारण मध्ये एकही लॉक नाही. सुकाणूची सवय इथेच करून घ्यावी. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे, पण हिशेब ६ नेच करा. याच टप्प्यातल्या कापेस्तांच्या पुलाशी मात्र जपून. कमान बुटकी आहे, म्हणून वरच्या डेकवरची छत्री आधीच मिटवायची, तिथे कुणी उभं राहायचं नाही आणि बोट बरोबर मधून काढायची. कमान कडेला उतरत जाते, केबिनचा कोपरा तिथेच घासतो.

लॉकमध्ये घोटाळा होतो तो घाईने आणि गाठीने. वर चढताना भिंती उंच असतात, म्हणून एकाला लॉकच्या आधीच काठावर उतरवा. त्याने वरून दोर घ्यायचा, खुंटाभोवती नुसता फिरवायचा आणि टोक परत बोटीवर द्यायचं. पाणी पुढच्या दारातून जोरात येतं, त्यामुळे पुढच्या दोरावर सगळ्यात दणकट माणूस हवा. बोट चढेल तसा सैल पडणारा दोर ओढत राहायचं. उतरताना उलट : दोर हळूहळू सोडत जायचा, गाठ मारायचीच नाही. गाठ असली की पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. मग एकतर ती कलते, नाहीतर बोटीवरची दोर बांधायची खुंटी उपटून येते. उतरताना बोट मागच्या दारापासून पुढे ठेवा. त्या दाराखाली दगडी उंबरठा असतो, पाणी ओसरलं की सुकाणू त्यावर टेकतं.

या कालव्यावरची बरीच लॉक लंबगोल आहेत. भिंत बाहेर फुगलेली असल्याने बोटीचे मधले फेंडर (धक्का झेलायला कडेला लावलेल्या गाद्या) नुसते लोंबकळतात. नाकाजवळचे आणि मागच्या कोपऱ्यावरचे तेवढे कामाला येतात, तेच नीट बांधा. बोट आणि भिंत यांच्यामध्ये हातपाय कधीही घालू नका. बोट टनावारी वजनाची असते, ती पायाने थोपवता येत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद असतात, हे वेळापत्रकात धरा.

आणि सहा जणांसाठी सहा बिछान्यांची बोट घेऊ नका. त्या आकड्यात बहुतेकदा बैठकीचा सोफाही मोजलेला असतो. रोज रात्री तो उघडायचा आणि सकाळी मिटायचा, याचा तिसऱ्या दिवशी वैताग येतो.

प्रश्न : काठावरून निघताना बोटीची मागची बाजू काठावर आपटते. मागे घेताना तर सुकाणू ऐकतच नाही. बोटीत दोष आहे का?

उत्तर : नाही. बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांनी वळत नाही. नाक डावीकडे वळवलं की मागचा भाग उजवीकडे झुकतो. म्हणून उजवा काठ सोडताना एकदम डावीकडे वळवू नका. आधी काठीने नाक बाहेर ढकला, मग हळू पुढे घ्या. मागे जाताना बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचं पाणी सुकाणूवर येत नाही, शिवाय पंखा मागचा भाग एका बाजूला ओढतो. तो कुठल्या बाजूला ओढतो हे पहिल्याच दिवशी मोकळ्या पाण्यात बघून ठेवा आणि काठाला लागताना त्याचाच फायदा घ्या. वाहत्या पाण्यात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून काठाला लागायचं. प्रवाहच ब्रेकचं काम करतो.

प्रश्न : पुढे नदीवर जायचं ठरवलं तर काय बदलतं?

उत्तर : पाणी. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचतो, बाहेरच्या बाजूला खोली असते. प्रवाहाबरोबर जाताना लाल बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) उजव्या हाताला आणि हिरवे डाव्या हाताला ठेवायचे. प्रवाहाविरुद्ध जाताना उलट. बंधारा दिसण्याआधीच लॉककडे जाणारा फाटा नकाशावर शोधून ठेवा. फ्रान्समधल्या लॉट नदीवर बहुतेक लॉक आपल्यालाच चालवावी लागतात, तेव्हा काठावर दोन माणसं मोकळी हवीत. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की पातळी रात्रीतून चढते. बांधून ठेवलेल्या बोटीचे दोर झोपण्यापूर्वी आणि पहाटे तपासा, आणि जलमार्ग बंद असल्याची सूचना लागली तर आहात तिथेच थांबा.