आरव्हीतली गादी घाटात फुगते तेव्हा

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही ह्यूस्टनला असतो. यंदा 28 फुटी सेकंडहँड क्लास सी आरव्ही (आत बेड-बाथरूम असलेली, राहायची गाडी) घेतली, जूनमध्ये कोलोरॅडो आणि तिथून यलोस्टोन करायचा विचार आहे. मागच्या बेडवरची ओरिजिनल गादी म्हणजे नुसता स्पंजचा पापड. ह्यांची कंबर धरते म्हणून त्यांना कडक लागते, मला मऊ. घरी आमच्याकडे रिमोटवाली, दोन्ही बाजू वेगवेगळ्या अॅडजस्ट होणारी हवेची क्वीन गादी आहे, तर ह्यांचं म्हणणं तीच उचलून आरव्हीत टाकू. टाकावी का?

उत्तर : ताई, ह्यांना सांगा आधी टेप घेऊन मागे जा आणि मोजा. घरातली क्वीन 60 बाय 80 इंच असते. आरव्हीवाले ज्याला क्वीन म्हणतात ती बऱ्याचदा 60 बाय 74 नाहीतर 75, म्हणजे लांबीला पाच-सहा इंच मार खातो आपण. वर कोपरे गोल कापलेले असतात, कारण तिथूनच बाथरूमला जायची वाट असते आणि चौकोनी कोपरा रात्री बरोब्बर मांडीला लागतो (मला लागलाय, तीन वर्षं). जाडीपण बघा, घरची हवेची गादी 10-12 इंच उंच असते आणि वरती कपाटं, उठून बसलं की टाळकं आपटणार. बेड स्लाइडआउटमध्ये (गाडी उभी असताना बाहेर सरकणारा भाग) असेल तर तो आत घेताना गादी कुठे अडकत नाही ना हेपण बघायचं. आणि बेडखाली डिकी असेल तर ती गादीसकट उचलता आली पाहिजे. हवेच्या गादीचा खरा फायदा मला इथेच वाटतो, फोमच्या जाड गादीपेक्षा ती बरीच हलकी पडते.

आता मुख्य मुद्दा, जो दुकानात कोणी सांगत नाही. तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघणार आणि डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपासच अख्खं शहर वसलंय. तिथून आय-70 हायवेने पश्चिमेला गेलात तर आयझेनहॉवर बोगदा साधारण 11,150 फुटांवर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक. आईने पाठवलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट अशा घाटात फुग्यासारखं टम्म होतं ना, तेच तुमच्या गादीचं होणार. ह्यूस्टनला बाहेरच्या हवेचा दाब 14.7 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) धरला तर डेन्व्हरला साधारण 12.2 आणि बोगद्यापाशी 9.7 च्या आसपास राहतो. खाली गच्च भरून बूच लावलेल्या हवेला वर दीडपट जागा पाहिजे असते, ती मिळत नाही म्हणून ती शिवणीवर आणि व्हॉल्व्हवर जोर काढते. आणि झोपायच्या गादीतला जादाचा दाब मुळात एक पीएसआयपेक्षाही कमी असतो, त्यासाठीच ती बनवलेली असते, तिच्यावर चार-पाच पीएसआयचा फरक म्हणजे काय ते समजा.

म्हणून घाट चढायच्या आधी दोन्ही कप्प्यांतली हवा अर्ध्याच्याही खाली आणायची, वर पोचून मुक्काम लागला की परत भरायची. उतरताना उलटं, गादी आपोआप लुळी पडते, तेव्हा पंक्चर झाली म्हणून घाबरू नका, नुसती भरा. आम्ही पहिल्या ट्रिपला हे केलं नव्हतं. बोगद्याच्या अलीकडे चहाला थांबलो तर बेड असा फुगलेला की बायको म्हणाली आत कोणीतरी झोपलंय.

तेव्हा घेताना नुसते कडकपणाचे नंबर किती आणि अॅप कसं दिसतं ते बघू नका, हवा पटकन आणि पंप न लावताही हाताने सोडता येते का ते बघा. दोन बाजूंना दोन वेगळे कप्पे हवेतच, नाहीतर ह्यांची कंबर आणि तुमचा मऊपणा एकमेकांशी भांडत बसतील. कप्प्यांच्या वर दोन-तीन इंच फोम असलेली घ्या. पंप आणि नळी कुठे बसणार तेपण आधीच ठरवा, मी प्लायला भोक पाडून नळी खालच्या डिकीत सोडलीये. वॉरंटीच्या कागदावर आरव्हीतला वापर चालतो असं लिहिलंय का ते वाचून घ्या. घरची गादी मात्र घरीच राहू दे.

प्रश्न : काका, रात्री दोनला मिस्टरांना गादी कडक करायची हुक्की येते, तेव्हा पंपाला करंट कुठून आणायचा? आम्ही हुकअप (गाडीला जोडायची वीज-पाण्याची सोय) नसलेल्या कॅम्पग्राउंडलाच जास्त राहतो. (न्यू जर्सी)

उत्तर : हे पंप बहुतेक घरच्या 120 व्होल्टवर चालतात, आणि आरव्हीची हाऊस बॅटरी 12 व्होल्टची. मध्ये इन्व्हर्टर लागतो. पंपाच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात, त्यापेक्षा चांगला मोठा घ्या आणि प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखा करंट देणारा) घ्या, स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर रिमोटवाली मशिनं कधीकधी नाटकं करतात. पंप काही मिनिटंच चालतो त्यामुळे बॅटरीची काळजी नको, पण इन्व्हर्टर रात्रभर ऑन ठेवला तर तो स्वतःच बॅटरी खात बसतो. जनरेटर लावू म्हणाल तर कॅम्पग्राउंडला रात्री क्वाएट अवर्स (आवाज न करण्याची वेळ) असतात, शेजारी टॉर्च घेऊन येतील. आणि झोपेत जनरेटर चालू ठेवणं तर अजिबातच नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. डिटेक्टर चालू आहे ना ते बटण दाबून बघा, आजच. सगळ्यात सोपं म्हणजे संध्याकाळी सहालाच दोघांनी आडवं होऊन आपापलं सेटिंग करून घ्यायचं.

प्रश्न : रात्री मस्त कडक गादी, पहाटे मी खड्ड्यात. लीक आहे का? (डेन्व्हर)

उत्तर : असेलही, पण आधी थर्मामीटर बघा. संध्याकाळी आत 27 अंश सेल्सिअस होतं आणि पहाटे 7 झालं तर कप्प्यातल्या हवेचा दाब साधारण सहा-सात टक्के उतरतो. ऐकायला कमी वाटतं, पण ते टक्के बाहेरच्या हवेच्या दाबासकट मोजलेले असतात, तुमच्या उंचीवर ही घट जवळजवळ पाऊण पीएसआय होते. गादीत जादाचा दाब तेवढाच होता, तो सगळा गेला. खात्री करायची तर दिवसा, आतलं तापमान सारखं असताना, दोन्ही कप्पे भरून नळ्या काढून बूच लावा आणि सहा तास कोणीही झोपू नका. एकच बाजू बसली तर साबणाचं पाणी फिरवा, पहिल्यांदा व्हॉल्व्ह आणि नळीचा जॉइंट, तिथे बुडबुडे दिसले तर गादी बदलायची गरजच नाही, रबरी रिंग बदलली की झालं.

आणि थंडी वाजत असेल तर जाड पांघरूण घेऊन फारसा उपयोग नाही, थंडी खालून येते. त्या कप्प्यातली हवा खेळत राहते आणि अंगातली ऊब खाली घेऊन जाते, त्याखाली प्लाय, त्याखाली डिकी, तिथे बाहेरच्याइतकंच गार. गादीवर, चादरीच्या खाली, आजीची गोधडी अंथरा. गोधडी नसेल तर लोकरीचं ब्लँकेट. आणि तीन-चार दिवसांनी गादी उभी करून खालचं प्लाय पुसून घ्या, रात्रभराच्या श्वासाची वाफ तिथे जमते आणि बुरशी धरते, आमच्या पहिल्या गाडीत वास कुठून येतो हे शोधायला आम्हाला अख्खा सीझन लागला होता.