सव्हाना मॉनिटरचं पिल्लू जाड होतंय पण पाय थरथरतात, काय करू?

प्रश्न : नमस्कार, माझा भाचा शिकायला बाहेरगावी गेला आणि जाताना त्याचं सव्हाना मॉनिटरचं (आफ्रिकेतल्या घोरपडीचं) पिल्लू माझ्याकडे दिलं, परदेशी प्राण्यांसाठीची सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद वगैरे सगळं रीतसर केलंय. अंदाजे पाच महिन्यांचं असेल. दोन फुटी काचेच्या टँकमध्ये ठेवलंय, वर ६० वॉटचा बल्ब, खाली वर्तमानपत्र. रोज बोनलेस चिकनचे तुकडे नाहीतर उकडलेलं अंडं देते, खातं मस्त, अंग चांगलं भरलंय पण चालताना मागचे पाय थरथरतात आणि हल्ली पोट जमिनीला घासत चालतं. लवकर मोठं व्हावं म्हणून अजून काय खायला घालू?
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ताई, अजून काही घालू नका, आधी त्याचे पाय बघू. वाढत्या वयात पाय थरथरणं आणि अंग उचलून चालता न येणं हे बहुतेक वेळा कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असतं, हाडं मऊ पडायला लागतात, मग जबडा दाबला की लवतो, शेपूट वाकडी होते आणि पिल्लांमध्ये हे भराभर पुढे जातं. त्यामुळे याच आठवड्यात सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या (आधी फोन करून विचारा, बरेच जण फक्त कुत्रा-मांजरच बघतात) आणि एक्स-रे काढा. मनाने कॅल्शियमचे ड्रॉप्स सुरू करू नका, डोस वजन आणि एक्स-रे बघूनच ठरतो. शी पण तपासून घ्या, या प्राण्यांच्या पोटात जंत असणं कॉमन आहे.

आता खाणं. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं, म्हणजे पिल्लू वरून गुटगुटीत दिसतं आणि आतून पोकळ होत जातं. हा प्राणी आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला, तिथे त्याचं मुख्य खाणं म्हणजे रातकिडे, भुंगेरे, पैसा (तो खूप पायांचा किडा), गोगलगायी असंच. तुमच्या पिल्लालाही किडेच हवेत. पुण्यात हौशी ब्रीडर्सकडे रातकिडे, खाद्य म्हणून वाढवलेली दुबिया झुरळं, सुपरवर्म नावाच्या अळ्या मिळतात, आणि गांडूळखत करणाऱ्या कोणाची ओळख असेल तर गांडुळं. स्वयंपाकघरातलं झुरळ किंवा पावसाळ्यात सोसायटीच्या बागेतली गोगलगाय अजिबात नको, औषध मारलेलं असतं आणि परजीवी येतात ते वेगळंच. किडे आणले की एक दिवस त्यांना गाजर, हिरवा पाला खाऊ घाला आणि देताना कॅल्शियम पावडरमध्ये घोळवून द्या. पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा किडा नको. या वयात रोज दिलं तरी चालतं, मोठं झालं की आठवड्यातून तीन-चार वेळा पुरतं. अंडं कधीतरी चव म्हणून, बास.

पण खाण्याच्याही आधी मला तुमच्या बल्बची काळजी वाटते कारण या प्राण्याला ऊब बाहेरून मिळाल्याशिवाय पोटातलं पचतच नाही. ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ५० ते ६० अंश सेल्सिअस हवा, आकडा मोठा वाटेल पण हे खरंच आहे, आणि दुसरं टोक २५ ते २८ अंश, म्हणजे त्याला हवं तेव्हा हवं तिथे जाता येईल. दोन फुटी टँकमध्ये हे जमतच नाही, एकतर सगळा टँक तापतो नाहीतर कुठेच धड ऊब नसते. दोन-तीन हॅलोजन शेजारी शेजारी लावा म्हणजे सगळं अंग शेकलं जाईल, एकच दिवा पाठीवर मारला की तिथे भाजतं. काचेला चिकटवलेल्या तापमापकावर विश्वास ठेवू नका, इन्फ्रारेड टेम्परेचर गन घ्या आणि दगडावरच मोजा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १० च्या खाली जातो तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागेल.

शिवाय यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) हवीच, त्याशिवाय अंगात व्हिटॅमिन डी-३ नीट तयार होत नाही आणि घातलेलं कॅल्शियम वाया जातं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि काचेचा टँक उचलून गच्चीवर उन्हात ठेवायचा विचार कृपा करून करू नका, आत काही मिनिटांत भट्टी होते आणि पिल्लू मरतं.

वर्तमानपत्र आजच काढा. हा बीळ करून राहणारा प्राणी आहे, घानामध्ये तर पिल्लं मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत सापडतात. त्याला माती-वाळूचं मिश्रण हवं, मुठीत दाबलं की गोळा राहील इतपत ओलसर, आत्ता फूटभर खोल आणि पुढे दीड-दोन फूट. बिळातला ओलावा त्याला जगवतो. मार्च ते मेमध्ये पुण्यातली हवा किती कोरडी असते तुम्हाला माहितीये, त्यात वर हॅलोजन, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर अंगातलं पाणी जात राहतं, मग किडनीवर ताण येतो आणि सांध्यांत यूरिक ॲसिड साठतं. शीबरोबर येणारा पांढरा भाग मऊ असेल तर ठीक, पिवळट-नारिंगी आणि खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी पडतंय. अंग बुडेल असं पसरट भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला.

एक गोष्ट आत्ताच बोलायला हवी. मोठं झालं की हे तीन-साडेतीन फुटांचं होणार आणि त्याला ८ बाय ४ फुटांची, ४ फूट उंच पेटी लागणार. त्यात दोन फूट माती भरली की वजन २ टनांच्या वर जातं, फ्लॅटचा स्लॅब यासाठी बांधलेला नसतो. तळमजल्यावर जागा नसेल तर भाच्याशी आत्ताच बोला, पुढे कोणाकडे द्यायचं ते ठरवा आणि नोंदही त्याप्रमाणे बदला.

लवकर मोठं करायची घाई मात्र सोडा. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा आणि नाकापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत लांबी मोजून वहीत लिहा, लांबी तेवढीच आणि वजन वाढतंय म्हणजे नुसती चरबी. पाय बरे होईपर्यंत उचलायचं टाळा, मऊ हाडं हाताळताना मोडतात. कात तुकड्या-तुकड्यांत निघते ते नॉर्मल आहे, फक्त बोटांच्या टोकांना अडकलेली नाही ना ते बघा. आणि हात लावल्यावर साबणाने धुवा, साल्मोनेलासाठी, घरात लहान मूल असेल तर जास्तच.

प्रश्न : मुळशीकडे आमच्या शेतात खणताना घोरपडीचं छोटं पिल्लू सापडलं. मुलं म्हणतायत पाळू या. वरच्यासारखीच काळजी घेतली तर चालेल का?
– एक वाचक, पौड

उत्तर : नाही दादा, हे पाळता येत नाही. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, जवळ बाळगली तर ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५ हजारांचा दंड. परदेशी मॉनिटरसारखी नोंद करून ठेवायची सोय हिच्यासाठी नाहीये. मुलांना सांगा की त्याला आईची वाट बघायची गरज नसते, घोरपडीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून स्वतःचं स्वतः खातं. अंगावर जखम नसेल आणि चपळ असेल तर सापडलं तिथेच जवळच्या झुडपात सोडा, त्या कोपऱ्यात दोन दिवस खणू नका. कुदळ लागली असेल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, बावधनची रेस्क्यू संस्थाही वनविभागाबरोबर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करते. माणसं येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, कापडावर, सावलीत ठेवा. दूध पाजू नका, काही भरवूही नका.