कार्ड खिशात, नाव कुठं?

चि. लेकरास आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, “गुरुजी, मतदार कार्ड आलंय, आता थेट निवडणुकीलाच गावाकडं येतो.” म्हणून लिहायला बसलो. कार्डानं फक्त ओळख पटते. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच, आणि आज असलेलं नाव उद्या गळूही शकतं.

केंद्राध्यक्ष म्हणून मी बऱ्याच निवडणुका केल्या. एकदा आपल्या बीड जिल्ह्यातच, ऊसतोडीवरचं एक जोडपं मतदानापुरतं आलं. मुकादमाच्या विनवण्या करून, रात्रभर टेम्पोत बसून. कार्डं दोघांकडं. नवऱ्याचं नाव सापडलं, बाईचं नव्हतं. घराला कुलूप दिसलं म्हणून कुणीतरी ‘स्थलांतरित’ शेरा मारला असावा. माझ्या हातात काहीच नव्हतं. नवरा मत देऊन येईस्तोवर ती शाळेतल्या लिंबाखाली बसून राहिली. दोन महिने आधी कुणी यादी बघितली असती, तर नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म भरून काम झालं असतं.

हे दुखणं जुनंच. निजामाचं राज्य जाऊन चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा 1952 ला आमच्या आजोबांनी पहिलं मत टाकलं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह. त्याच निवडणुकीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगणाऱ्या सुमारे 28 लाख बायकांची नावं देशात, मुख्यतः उत्तरेकडं, गाळली गेली.

झेडपी, पंचायत समितीलाही विधानसभेचीच यादी वापरतात. तिथं नाव नसलं की सगळीकडंच नाही. पुण्यातच राहायचं ठरलं, तर आठ नंबरचा फॉर्म भरून नाव तिकडं ने. दोन्हीकडं ठेवू नको.

आणि केंद्रावर कुणी म्हणालं, “तुमचं मत पडलंय,” तर परत फिरू नको. ‘प्रदत्त मतपत्रिका’ माग, म्हणजे आपल्या नावावर आधीच दुसऱ्यानं मत टाकलं असलं तर मिळते ती कागदी मतपत्रिका. ती सहसा मोजत नाहीत, लिफाफ्यात बंद ठेवतात, पण प्रकरण कोर्टात गेलं तर कामी येते. मतासाठी वाटतात त्या पैशाच्या पाकिटाचं काय, असंही विचारलं होतंस. घेऊ नको, बस. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

यादी बघितलीस की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मला कळव. तुझ्या आईचं नाव अजून माहेरच्या गावातच आहे का, तेही बघून घे.

तुझा,
गुरुजी